रॅगलन स्वेटर (वरून खाली विणीचा) : चुका व दुरुस्ती

गळ्यापासून सुरुवात करून घेराकडे अखंड विणत नेलेला, मुंढा वेगळा न घडवता गळ्यापासून काखेपर्यंत चार तिरप्या रेषांवर टाके वाढवत आकाराला आणलेला स्वेटर. या चार रेषांमुळे पुढा, पाठ आणि दोन बाह्या असे चार भाग पडतात. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवतात, म्हणजे वाढीच्या एका फेरीत ८ टाके वाढतात. पुढची फेरी सहसा साधी असते. काखेशी पोचल्यावर बाह्यांचे टाके जाड दोऱ्यात ओवून बाजूला ठेवतात, काखेत थोडे नवे टाके घालून अंग खाली विणतात आणि बाह्या शेवटी पुऱ्या करतात. सुलट-उलट टाके, टाके घालणे, वाढवणे आणि बंद करणे वाचकांना परिचित असल्याचे येथे गृहीत धरले आहे.

नावाची व्युत्पत्ती : रॅगलन हे मूळचे वेल्समधील मॉनमथशर परगण्यातील एका गावाचे नाव. फिट्झरॉय जेम्स हेन्री सॉमरसेट (१७८८–१८५५) या ब्रिटिश सेनानीला १८५२ मध्ये बॅरन रॅगलन हा किताब मिळाला आणि बाहीला त्याच्यावरून नाव पडले, एवढ्याबद्दल मतभेद नाही. वाद आहे तो कारणाबद्दल. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या लढाईत जखमी झाल्याने त्याचा उजवा हात कापावा लागला. एका हाताने कोट चढवणे सोपे जावे म्हणून शिंप्याने मुंढ्याची शिवण काढून बाही थेट गळ्यापर्यंत नेली, ही सर्वांत लोकप्रिय कथा. दुसऱ्या कथेनुसार तलवार फिरवताना खांदा अडू नये म्हणून हा कोट शिवला गेला. अ‍ॅक्वास्क्युटम या लंडनच्या कपडे शिवणाऱ्या पेढीचे नाव या संदर्भात घेतले जाते. तिसरी कथा क्रिमियन युद्धातली (१८५३–५६) : थंडीने गारठलेल्या सैनिकांसाठी बटाट्याच्या पोत्यांना छेद देऊन पांघरुणे केली गेली आणि त्यावरून हा सैल काट आला.

तिन्ही कथा नंतरच्या काळातल्या मांडणीत ठळक होत गेलेल्या दिसतात. पोत्याच्या कथेला आधार सर्वांत कमी आहे. हाताच्या कथेत अडचण अशी की हात गेल्यानंतर जवळजवळ चार दशके तो कोणत्या कोटात वावरत होता, हा प्रश्न ती सोडवत नाही. युद्धाच्या बातम्यांनी सेनानींची नावे घराघरांत पोचली असताना व्यापाऱ्यांनी एका सैल ओव्हरकोटला त्याचे नाव दिले असावे, हे स्पष्टीकरण अधिक संभाव्य वाटते. कार्डिगन हे नावही त्याच युद्धातल्या सातव्या अर्ल ऑफ कार्डिगनवरून आणि बालाक्लाव्हा टोपी हे नाव २५ ऑक्टोबर १८५४ च्या लढाईच्या गावावरून आले. एकाच युद्धातून लोकरी कपड्यांची तीन नावे निघावीत, यात त्या काळच्या वृत्तपत्रांचा वाटा शिंप्यांहून मोठा असावा.

शिवलेल्या कोटाची ही बाही हातविणीत केव्हा उतरली याची नेमकी तारीख देणे धाडसाचे ठरेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती रुळली होती, असे सावधपणे म्हणता येते. वरून खाली विणण्याच्या पद्धतीची सुसंगत, कोणत्याही मापाला लागू पडणारी मांडणी बार्बरा वॉकर या अमेरिकन लेखिकेच्या १९७२ मधील ‘निटिंग फ्रॉम द टॉप’ या पुस्तकात आहे. सुट्या कृती त्याआधीही होत्या, त्यामुळे वॉकर यांना पद्धतीच्या जनक म्हणण्यापेक्षा तिच्या शास्त्रकार म्हणणे योग्य.

दिशा आणि दुरुस्ती : विणलेले कापड शेवटच्या फेरीकडूनच मोकळेपणी उसवते. सुरुवातीच्या काठाकडून ओढू गेल्यास धागा अडकतो, विशेषतः जिथे सुलट टाक्यावरून उलट टाक्यावर जातो तिथे. टोक दर वेळी ओवून बाहेर काढावे लागते. या एका गुणधर्मावर सगळी दुरुस्ती अवलंबून आहे. वरून खाली विणलेल्या स्वेटरचा घेर आणि मनगटे केव्हाही उसवून लांब-आखूड करता येतात. मुलाचा हात वाढला की बाहीचा काठ उसवून चार बोटे वाढवायची, एवढेच काम. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गॅन्सी स्वेटरांत अंग खालून वर विणलेले असले तरी बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणत. झिजलेले मनगट उसवून नव्याने विणता यावे हा त्यामागचा हेतू.

उलट, गळा आणि त्याखालचा वाढीचा भाग आधी विणला जातो आणि सगळ्यात खोल दडतो. तिथली चूक काखेपर्यंत पोचण्यापूर्वी सापडली तर ती तासाभराच्या कामाची. अंग पुरे झाल्यावर सापडली तर अख्खा स्वेटर उसवणे किंवा कात्री लावणे एवढेच उरते. म्हणून वाढीचा भाग संपताच, बाह्या वेगळ्या करण्यापूर्वी, टाके लांब दोऱ्यावर घेऊन स्वेटर अंगावर घालून पाहणे हा या पद्धतीचा कणा मानला पाहिजे. अनेक कृतींत तो सल्ला म्हणून येतो. तो कृतीचाच भाग असायला हवा.

ओळींच्या मापाची चूक : नवशिकी विणणारी १० सेंमी. मध्ये टाके किती बसतात हे मोजते. ओळी किती बसतात याकडे दुर्लक्ष करते. सरळ तुकड्यांच्या स्वेटरात ते खपते, कारण लांबी टेपने मोजून थांबता येते. रॅगलनमध्ये खोली (गळ्यापासून काखेपर्यंतची लांबी) ओळींनी आणि रुंदी टाक्यांनी ठरते, पण दोन्ही एकाच वाढीने बांधलेल्या असतात.

उदाहरणार्थ, १० सेंमी. मध्ये २० टाके व २८ ओळी असे माप धरू. गळ्याला ८८ टाके : पुढा २८, पाठ २८, बाह्या प्रत्येकी १२ आणि चार रेषांचे ८. एकाआड एक फेरीत अशा २५ वेळा वाढ केल्यावर २८८ टाके होतात. रेषांचे टाके वाटून घेतल्यावर पुढा व पाठ प्रत्येकी ८० आणि बाही ६४. काखेत प्रत्येकी १२ टाके घातले की अंगाचे १८४ टाके, म्हणजे ९२ सेंमी. घेर, आणि बाहीचे ७६, म्हणजे ३८ सेंमी. या ५० फेऱ्यांची खोली सुमारे १८ सेंमी. भरते. आता टाके तेच राहून ओळी २८ ऐवजी ३२ बसत असतील, तर त्याच फेऱ्या १५.६ सेंमी. वरच संपतात. छातीचे माप अचूक, टाके अचूक, तरी काख आवळते. ओळी २४ बसत असतील तर खोली २०.८ सेंमी. होते आणि बगलेखाली झोळ येतो.

खोली कमी पडल्यास, बाह्या वेगळ्या करण्यापूर्वी काही साध्या फेऱ्या विणणे हा सोपा उपाय. मात्र ७-८ फेऱ्यांपेक्षा जास्त साध्या फेऱ्या एकत्र आल्या की तिरपी रेषा काखेजवळ एकदम उभी होते आणि नजरेला खटकते. तेव्हा शेवटचा तिसरा भाग उसवून तिथली वाढ दर तिसऱ्या फेरीत घेणे बरे. खोली जास्त होत असल्यास शेवटच्या काही वाढी लागोपाठच्या फेऱ्यांत घेतात. छाती व बाही एकाच वेगाने वाढवण्याची सक्तीही नाही : दंड बारीक असेल तर बाहीकडच्या वाढी वाढीच्या एकाआड एक फेरीतच घ्याव्यात, अंगाकडच्या तशाच चालू ठेवाव्यात.

राहिलेली वाढ : सर्वांत नेहमीची चूक. रेषेच्या एका बाजूला टाका वाढवायचा राहतो आणि चार-सहा फेऱ्यांनी मोजणी जुळत नाही. चूक झालेल्या फेरीत दोन टाक्यांमधला आडवा धागा क्रोशाच्या सुईने उचलावा, पीळ देऊन त्याचा टाका करावा आणि वरच्या प्रत्येक फेरीतला आडवा धागा त्यातून ओढत शिडीसारखे वर यावे. या नव्या उभ्या रांगेला स्वतःचा धागा नसतो. शेजारच्या टाक्यांतून तो घेतला जातो, म्हणून ती रांग आवळलेली दिसते. सुईच्या टोकाने शेजारच्या टाक्यांतला सैलपणा वाटून घेतला की धुतल्यावर ते बरेचसे मिटते. पाच-सहा फेऱ्यांपलीकडे हा उपाय ताणू नये. चूक त्याहून जुनी असेल तर आत्ताच्या फेरीत त्याच रेषेवर एक जादा वाढ करून पुढे जावे. वरच्या मापात एका टाक्याचा फरक अर्धा सेंटिमीटर आहे. तेवढ्यासाठी पंधरा फेऱ्या उसवू नयेत.

वाढीचा कल चुकणे ही वेगळी गोष्ट. रेषेच्या एका बाजूची वाढ डावीकडे आणि दुसऱ्या बाजूची उजवीकडे झुकते. त्या अदलाबदल झाल्या तर मापाला धक्का लागत नाही. रेषा मात्र दोरीसारखी उठण्याऐवजी विस्कटलेली दिसते. एखाद-दुसरी वाढ चुकली असल्यास सोडून द्यावी. एका बाजूच्या सगळ्याच चुकल्या असतील तर दुसऱ्या बाजूंच्याही तशाच करणे हा अनुभवी विणणाऱ्यांचा तोडगा आहे, आणि तो वाईट नाही.

रेषेवरचाच तुकडा दुरुस्त करायचा झाल्यास आजूबाजूचे पाच-सहा टाके सोडून चुकीपर्यंत उसवतात आणि दोन आखूड, दुटोकी सुयांवर पुन्हा विणत वर येतात. इथे गुंतागुंत अशी की खाली जावे तसे टाके कमी होतात, कारण वाढीचे टाके मधल्या फेऱ्यांतच जन्मलेले असतात. सुटलेले आडवे धागे क्रमाने टाचणीने उशीवर लावून ठेवले नाहीत तर कोणता धागा कोणत्या फेरीचा हे कळत नाही आणि सगळी रेषा पिरगळते.

गोल जोडताना पडलेला पीळ : गळ्याचे टाके सुईभोवती फिरलेले असताना फेरी जोडली तर कापडाला कायमचा पीळ बसतो. पहिलीच फेरी झाली असेल तर जोडाच्या जागी एकच धागा असतो; पीळ तिथे सरकवून लपवता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर इलाज नाही, उसवावेच लागते. पहिल्या दोन-तीन ओळी सपाट विणून मग जोडणे आणि उरलेली फट सुरुवातीच्या शेपटाने (धाग्याच्या सुट्या टोकाने) शिवणे, ही खबरदारी घेतल्यास ही चूक होतच नाही.

गळा : पुढून गळा टोचतो आणि पाठीकडे स्वेटर घसरतो, याचे कारण बहुधा पाठीला अर्धवट ओळी (पूर्ण फेरी न करता फक्त पाठीकडच्या टाक्यांवर मागे-पुढे विणलेल्या ओळी) न घालणे. मानेच्या मागे ३ ते ५ सेंमी. जादा उंची लागते. ती सुरुवातीला राहिली असेल तर गळ्याचा काठ उसवून, टाके उचलून, काठ विणण्यापूर्वी पाठीच्या बाजूला अर्धवट ओळी घालता येतात. म्हणूनच गळ्याचा काठ शेवटी, टाके उचलून विणणे शहाणपणाचे. गळा फार सैल झाल्यास कमी टाके उचलून बारीक सुईने रिब (सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या रेषांची ताणणारी वीण) घालतात, किंवा आतून क्रोशाची साखळी ओढून घेतात.

घट्ट काठावर मात्र कात्रीच लागते. काठाखालच्या एका फेरीतला एक टाका कापून ती फेरी टाक्या-टाक्याने उसवतात, मोकळे झालेले टाके सुईवर घेतात आणि उलट दिशेने, वरच्या बाजूला, नवा काठ विणतात. दिशा बदलल्याने टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. सुलट विणीत हे दिसत नाही; रिबेला रिब जोडली तर उभ्या रेषा तुटलेल्या स्पष्ट दिसतात. त्यामुळे कात्री सुलट भागातच चालवावी. दोन्ही बाजूंचे मोकळे टाके दाभणाने अदृश्य जोडायचे झाल्यास किचनर टाका वापरतात. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेल्या लॉर्ड किचनरवरून (१८५०–१९१६) त्याचे नाव पडले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मोज्यांसाठी त्यानेच तो सुचवला, असे सांगतात. पद्धत त्याहून जुनी आहे, तेव्हा त्याने ती शोधली हे म्हणणे टिकत नाही.

काखेतील छिद्रे : नवे घातलेले टाके आणि बाजूला ठेवलेले बाहीचे टाके जिथे भेटतात तिथे धागा ताणून भोक पडते. दोन्ही कोपऱ्यांत एकेक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर जोडून विणावा. उरलेले भोक काखेतल्या शेपटाने आतून शिवता येते.

सुटलेला टाका, सुलटच्या जागी पडलेला उलट टाका यांची दुरुस्ती इतर विणीसारखीच. रंगीत नक्षीतला एखादा चुकलेला टाका दाभणाने टाक्यावर टाका घालून झाकतात.

संरक्षक दोरा : लाइफलाइन या नावाने ओळखला जाणारा हा दोरा म्हणजे एका फेरीच्या सर्व टाक्यांतून ओवलेला गुळगुळीत, रंग न सोडणारा बारीक धागा. उसवताना विण तिथे थांबते. तो मार्करच्या (खुणेसाठी सुईवर घातलेल्या) कडीतून ओवू नये, कडी अडकून बसते. वाढ सुरू होण्यापूर्वी एक आणि बाह्या वेगळ्या करण्यापूर्वी एक, असे दोन दोरे पुरेसे होतात. उसवलेले टाके सुईवर परत घेताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे आहे ना, हे पाहावे. नाहीतर पुढच्या फेरीत टाक्यांना पीळ पडतो.

उसवलेला धागा : उसवलेली लोकर वळ्यांची राहते आणि तशीच विणल्यास विण खडबडीत येते. तिची लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून, पिळून न काढता टांगून वाळवावी. महाराष्ट्रात बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा बहुधा अ‍ॅक्रिलिकचा असतो. त्याला पाण्याने तितका फरक पडत नाही आणि वळ्या घालवण्यासाठी जोराची वाफ दिल्यास तो कायमचा लुळा पडतो. मोहेरसारखे केसाळ धागे एकमेकांत गुंततात. ते हळूहळू, टाक्या-टाक्याने मागे विणत सोडवावे लागतात. काही जणी असे विणकाम उसवण्यापूर्वी थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवतात.

मराठी घरांत रुळलेली रीत खालून वर, चार तुकडे वेगळे विणून शिवण्याची आहे. त्या सवयीने वरून खाली विणू लागलेल्या बाईची पहिली चूक बहुधा गळ्याच्या काठाला टाके घट्ट घालणे ही असते, कारण घेराच्या काठाला तो आवळपणा चालत असे. दोन आकडे जाड सुईवर टाके घालून पहिल्या फेरीला नेहमीची सुई घ्यावी.