जुन्या घरातल्या पंख्याच्या तारांचा गुंता

जुन्या वाड्यात किंवा चाळीत पंख्याची वरची वाटी खाली सरकवली की दोन काळ्या तारा दिसतात, रंग एकच. वायरमनला नावं ठेवण्याआधी ही पद्धत कुठून आली ते पाहावं.

पूर्वी भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून, पत्र्याच्या क्लिपांनी रबरी तारा आवळत. दिवा-पंख्याला दोनच तारा, अर्थिंग नाहीच. न्यूट्रल, म्हणजे विजेचं मंडल पूर्ण करणारी तार, सरळ छताकडे जाई. फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी तार, आधी खाली बटणात उतरे आणि तिथून परत वर. ही परतणारी तार म्हणजे ‘हाफ’. तिच्यासाठी वेगळा रंग कोण आणणार? बंडलात उरली असेल ती ओढली. म्हणून काळी म्हणजे न्यूट्रल, हा हिशेब छतापाशी चुकतो. त्यातच सिलिंग रोझमधून (छतावरच्या तारा जोडायच्या गोल डबीतून) पुढच्या खोलीची न्यूट्रल फिरवलेली असली, तर इथली तार सोडली की तिथला दिवा जातो.

जुन्या बोर्डांवर फेज आणि न्यूट्रल, दोन्हींवर फ्यूज सापडतात. भारतीय विद्युत नियम, 1956 यांच्या 32व्या नियमाने न्यूट्रलवरच्या अशा फ्यूजला मनाई केली, पण जुने बोर्ड कोण बदलतो! न्यूट्रलचा फ्यूज उडाला की पंखा थांबतो, तार मात्र जिवंत. तेव्हा मेनच बंद करायचा, आणि तरीही टेस्टर लावून बघायचं.

रंगांचाही घोळ आहेच. आपल्याकडच्या लाल-पिवळा-निळा पद्धतीत निळी तार एक फेज. युरोपीय पद्धतीत तीच न्यूट्रल.

रेग्युलेटरचा जुना जाडजूड डबा म्हणजे आत गुंडाळलेली रोधक तार. वेग कमी केला की उरलेली वीज तिथे उष्णता होऊन वाया जाई. तो हाफच्या वाटेतच बसे, म्हणून जादा तार लागली नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले तेही त्याच जागी. आता रिमोटचा बीएलडीसी (ब्रशविना डीसी मोटरचा) पंखा लावताना मात्र रेग्युलेटर वाटेतून काढून तारेची दोन्ही टोकं थेट जोडावी लागतात.

पंख्यातून बाहेर येणाऱ्या तीन तारा हा वेगळाच प्रकार. त्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात. मल्टिमीटरवर ज्या जोडीचा रोध (रेझिस्टन्स) सर्वांत जास्त, त्या दोघींमध्ये कंडेन्सर (कपॅसिटर), उरलेली कॉमन, म्हणजे सामाईक तार. पुरवठ्याची एक तार कॉमनला, दुसरी कंडेन्सरच्या एका टोकाला. टोक चुकलं तर पंखा उलटा फिरतो आणि वारा छताला लागतो.