या वयात कशाला डोकं उघडायचं?

पंच्याहत्तरीच्या माणसाच्या मेंदूत रक्त साकळलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला, की नातेवाइकांच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणतंच, "आता या वयात कशाला डोकं उघडायचं?" बोलणारा निर्दयी नसतो, बरेचदा तो सगळ्यांत जवळचाच असतो. खर्चाची धास्ती आणि म्हाताऱ्या जिवाची दया दोन्ही त्यात असतात. पण डॉक्टरांची पिढ्यान्‌पिढ्या अशीच समजूत होती, आणि तिला कारणं होती.

कोल्हापुरात टाऊन हॉलजवळचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, मूळचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, मेजर मँटच्या आराखड्यावर 1880 च्या दशकात उभं राहिलेलं. त्या काळी डोक्याला मार लागलेल्या माणसाची जखम शिवायची आणि शुद्धीवर येतो का याची वाट बघायची, एवढंच हाती होतं. भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग 1949 मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला. तरीही कवटीच्या आत रक्त नेमकं कुठे आहे हे बाहेरून दिसत नव्हतं. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन निघाला आणि हा आंधळा कारभार संपू लागला. आता सीटी हा शब्द गावाकडच्या आज्जीलाही ठाऊक आहे.

1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धी मोजायचं माप दिलं. डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं यांचे गुण. कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. वॉर्डात "जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल) किती?" असं विचारतात ते हेच. मोजमाप हाती आल्यावर कोण वाचतो, कोण नाही याचे तक्ते होऊ लागले, आणि जवळजवळ प्रत्येक तक्त्यात वय हा घातक घटक ठरला. वय झालंय म्हणजे आशा कमी, हे मत तिथे पक्कं झालं.

हे माप म्हाताऱ्यांच्या बाबतीत थोडं फसवं आहे. ऐकू कमी येतं, कवळी काढून ठेवलेली असते, विसरभोळेपणा आधीपासूनचा असतो. "आज कुठला वार?" या प्रश्नावर एखादी आज्जी "जोतिबाचा" म्हणाली, तर इथल्या नर्सला रविवार कळतो, बाहेरगावचा नवा डॉक्टर मात्र भ्रम झालाय असं लिहून मोकळा होईल. उलटही घडतं. वयाबरोबर मेंदू आकसतो आणि कवटीत मोकळी जागा वाढते. त्यामुळे बरंच रक्त साठेपर्यंत माणूस चहा पीत, गप्पा मारत बसलेला असतो, गुण 14-15 च दिसतात.

त्या आकसण्यानंच मेंदूवरून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणलेल्या असतात. न्हाणीत पाय घसरला, गोठ्यात म्हशीनं ढुशी दिली, नातवाच्या गाडीवरून उतरताना तोल गेला, एवढं त्या तुटायला पुरतं. हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वाहणं लवकर थांबत नाही.

इथे दोन आजार वेगळे करायला हवेत, आणि "या वयात कशाला" म्हणणारे दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

एक तातडीचा. मोठा मार, ताजं रक्त, माणूस बेशुद्ध. 1981 मध्ये अमेरिकेतल्या 82 बेशुद्ध रुग्णांचा अभ्यास गाजला. चार तासांच्या आत रक्त काढलेल्यांपैकी 30 टक्के दगावले, त्यानंतर काढलेल्यांपैकी 90 टक्के. पुढच्या अभ्यासांत फरक इतका टोकाचा निघाला नाही, पण चार तासांचा आकडा डॉक्टरांच्या मनात बसला. आपल्या जिल्ह्यात तो आकडा रस्त्यावर मोजावा लागतो. गगनबावड्याहून कोल्हापूर गाठायचं, तर चंदगडकरांना बेळगावच जवळ. 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका आली तेव्हापासून गाडी मिळण्याची रड बरीच कमी झाली. घाट आणि उसाच्या ट्रॉल्या आहेत तिथेच आहेत. या पहिल्या प्रकारात वय खरोखर जड जातं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरा आजार सावकाश येणारा. पडल्याला तीन-चार आठवडे होऊन गेलेले, घरच्यांना ते आठवतही नाही. मग चालताना एक पाय ओढतो, बोलणं अडखळतं, दिवसभर झोप येते. "वय झालं" म्हणून हे सोडून दिलं जातं. 1857 मध्ये जर्मन डॉक्टर फिरशॉला ही मेंदूच्या आवरणाची सूज वाटली होती. 1914 मध्ये ब्रिटिश सर्जन ट्रॉटरनं या आजाराचं मूळ मारात आणि तुटलेल्या शिरांत आहे असं मांडलं. यावर कवटीला एक-दोन भोकं पाडून काळपट, पातळ झालेलं रक्त धुऊन काढतात. 2009 मध्ये केंब्रिजच्या अभ्यासानं दाखवलं की नंतर दोन दिवस आत नळी ठेवली तर रक्त पुन्हा साठण्याचं प्रमाण 24 वरून सुमारे 9 टक्क्यांवर येतं.

"गोळ्यांवर नाही का भागणार?" यालाही उत्तर मिळालं आहे. याच सावकाश आजारावर स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन पाहणाऱ्या, ब्रिटनमधल्या 748 रुग्णांच्या 2020 च्या अभ्यासात सरासरी वय 74 होतं आणि बहुतेकांचं ऑपरेशन झालं होतं. स्टेरॉइड घेतलेल्यांची स्थिती उलट थोडी मागे राहिली. न घेतलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के सहा महिन्यांनी बऱ्या स्थितीत होते. चौऱ्याहत्तरीचे लोक! "या वयात कशाला"ला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

मोठ्या ऑपरेशनांची गोष्ट वेगळी. मार लागून मेंदूची सूज वाढली की कवटीचा तुकडा काढून ठेवतात. आपल्याकडे तो बरेचदा पोटाच्या कातडीखाली जपतात आणि नंतर परत बसवतात. यावरचे दोन गाजलेले अभ्यास 2011 आणि 2016 चे. पहिल्यात 59 च्या वरचे घेतलेच नव्हते, दुसऱ्यात 65 च्या वरचे. म्हणजे म्हाताऱ्यांना फायदा होत नाही असं सिद्ध झालं नव्हतं, त्यांना विचारलंच नव्हतं. दुसऱ्या अभ्यासात सहा महिन्यांतले मृत्यू 49 टक्क्यांवरून 27 वर आले, पण वाचलेल्यांत पूर्ण परावलंबी राहिलेलेही वाढले. घरात किमान आठ तास सोबतीशिवाय राहू शकतो, ही पायरीसुद्धा तिथे 'चांगला निकाल' धरली होती. सूनबाई शेतावर आणि मुलगा एमआयडीसीत जाणाऱ्या घराला त्या आठ तासांचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

हल्ली डॉक्टर वयापेक्षा आधीचं जगणं विचारतात. पडण्यापूर्वी स्वतः अंघोळ करायचे का, रंकाळ्यावर फिरायला जायचे का, गोळ्या कुठल्या? सत्तरीतला तालमीचा माणूस आणि साठीतला अंथरुणाला खिळलेला, यांत पहिल्याचं पारडं जड.

ऑपरेशन झाल्यावर खरी दगदग सुरू होते. पहिल्या रात्री म्हातारा माणूस बरळतो, नळ्या ओढतो, मुलाला ओळखत नाही. घरचे घाबरतात, पण हा भ्रम बहुतेकदा काही दिवसांत ओसरतो. चष्मा, कानाचं यंत्र, ओळखीचा आवाज आणि रात्री झोप यांनी तो लवकर उतरतो. पाणी पाजताना ठसका लागला तर थांबायचं. ते फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया, आणि डोक्याचं ऑपरेशन जमूनही माणूस छातीनं जातो. शक्य तितक्या लवकर उठवून बसवायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हे हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं, शेजारच्यांनी नाही.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत. महात्मा फुले योजना आधीपासून आहेच. त्यामुळे ऑपरेशनच्या पैशावरून होणारा खल पूर्वीपेक्षा कमी झाला. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे पैसे मात्र बहुतेक घरं अजून खिशातूनच देतात, आणि दोन महिन्यांनी त्याला "आता नको" म्हणतात, नेमकं माणूस काठीवर चालायला लागलेला असतो तेव्हा.