शिसो: ताटातले हिरवे पान, बरणीतले लाल पान

आमच्याकडून शिसोची ताजी पाने नेणारे काही ग्राहक ती शोभेची समजून ताटात तशीच सोडून देतात, असे लक्षात आल्यामुळे हे माहितीपत्रक काढले आहे. हे पान खाण्यासाठीच असते.

शिसो तुळस आणि पुदिन्याच्या कुळातील आहे. जपानमध्ये हिरव्या पानाला आओजिसो म्हणतात, तर बाजारात ते ‘ओबा’ या नावाने बहुधा दहा-दहा पानांच्या जुड्यांत मिळते. आइची प्रांतातील तोयोहाशी हे शहर त्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. दिवस लहान होऊ लागले की शिसोला फुले येतात आणि पानांची वाढ थांबते, म्हणून तेथील हरितगृहांत रात्री दिवे लावून पीक वर्षभर पानांवर ठेवले जाते. साशिमीच्या कच्च्या माशाखाली मांडलेले पान माशाभोवती गुंडाळून खावे. तेम्पुरा करताना भज्यांपेक्षा पातळ असे पीठ पानाच्या केवळ मागच्या बाजूला लावतात, त्यामुळे तळल्यावरही पानाची दर्शनी बाजू हिरवीगार राहते. आपल्या ओव्याच्या पानांच्या भजीची सवय असलेल्यांना हा प्रकार लगेच रुचेल.

लाल शिसो म्हणजेच आकाजिसो सहसा कच्चा खात नाहीत. त्याचे खरे स्थान उमेबोशी या आंबट-खारट फळांच्या लोणच्याच्या बरणीत आहे. जूनच्या सुमारास जर्दाळूच्या जातीची आंबट उमे फळे घरोघरी मिठात मुरवली जातात आणि पारंपरिक पद्धतीत मीठ फळांच्या वजनाच्या १८ ते २० टक्के असते. लाल पाने मीठ लावून चोळल्यावर प्रथम गढूळ जांभळे पाणी सुटते, ते पिळून टाकून द्यायचे असते. मात्र पिळलेल्या पानांवर फळांना सुटलेला आंबट रस घातला की आम्लामुळे पानांतील रंगद्रव्य क्षणात लालभडक होते, आणि हाच रंग पुढे फळांना चढतो. जुलैअखेरच्या कडक उन्हात फळे सुमारे तीन दिवस वाळवतात. क्योतोच्या उत्तरेला डोंगरांनी वेढलेल्या ओहारा गावात हीच पाने, वांगी आणि मीठ एकत्र आंबवून शिबाझुके हे लोणचे करतात. ११८५ नंतर तेथील जाक्कोइन मठात राहिलेल्या केनरेइमोनइन या राजमातेला गावकऱ्यांनी ते अर्पण केले होते, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते.

घरी नेलेल्या पानांचे देठ थोड्या पाण्यात बुडतील अशा रीतीने ती झाकणाच्या बरणीत उभी ठेवावीत. बरणी फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवू नये, कारण अति थंडीने पाने काळवंडतात. वाढण्यापूर्वी पान तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा हलकी थाप मारल्यास त्याचा वास मोकळा होतो. चिरायचे असेल तर ते अगदी आयत्या वेळी चिरावे.