भाड्याच्या खोलीत राहता? तरी बँकेत खातं उघडता येतं

"लाइट बिल घरमालकाच्या नावावर, भाडेकरार तो करून देत नाही, मग बँक मला खातं कशी देणार?" बेळगावात वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत अर्ज भरून देताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. मागावर काम करणारे विचारतात, चंदगडकडून येऊन धुणीभांडी करणाऱ्या बायका विचारतात. उत्तर सरळ आहे: बँक खातं देते.

काउंटरवर नुसतं "खातं उघडायचंय" म्हणू नका, "जनधन खातं" असं नाव घेऊन मागा. 28 ऑगस्ट 2014 पासून ही योजना सुरू आहे. शिल्लक शून्य असली तरी दंड नाही, आणि रुपे कार्ड फुकट मिळतं. वयाची 10 वर्षं पूर्ण झाली की खातं उघडता येतं. मात्र त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नसावं.

कागदपत्रांत आधार पुरतो. आधारवर महाराष्ट्रातल्या गावाचा पत्ता असला तरी अडत नाही. सध्या कुठे राहता ते स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने लिहून द्यायचं. आधार नसेल तर मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा रोजगार हमीचं जॉबकार्ड चालतं. पॅन नसेल तर फॉर्म 60 भरा. सोबत दोन फोटो न्या. अर्ज कन्नडमध्ये हातात दिला आणि वाचता येत नसेल, तर हिंदी अर्ज मागा. न वाचता सही करू नका.

यातलं एकही कागदपत्र नसेल तरी 'छोटं खातं' निघतं. अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा दिला की झालं. यात शिल्लक 50,000 च्या वर जाता कामा नये, महिन्याला 10,000 पर्यंतच पैसे काढता येतात आणि वर्षभरात एकूण 1 लाखापर्यंतच जमा करता येतात. 12 महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिलात, तर आणखी 12 महिने मुदत मिळते.

निपाणीत वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या एका मावशींची बोटं इतकी गुळगुळीत झाली होती की यंत्रावर ठसा पाच वेळा उठला नाही. त्या रडकुंडीला आल्या. अशा वेळी माघारी फिरू नका. ठसा जुळत नसेल तर दुसऱ्या ओळखपत्राची प्रत मूळ कागदाशी ताडून खातं उघडण्याची तरतूद नियमांत आहे.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती गोष्ट. खात्याला आधार नंबर दिला म्हणजे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 त्याच खात्यात येतील असं नाही. सरकारी पैसे आधारच्या नंबरावर जातात, आणि त्या नंबराला शेवटी जी बँक जोडलेली असते तिथेच पडतात. म्हणून खातं उघडताना 'आधार सीडिंग'चा वेगळा संमती फॉर्म भरा आणि पोच घ्या. कोणती बँक जोडलेली आहे ते माय आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा.

कार्ड मिळालं की ते डब्यात ठेवून देऊ नका. त्यावर 2 लाखांचा अपघात विमा आहे, पण अपघाताआधीच्या 90 दिवसांत कार्डाने एक तरी व्यवहार झालेला असावा लागतो.

बँकेने नकार दिला तर कारण लेखी मागा आणि त्याच शाखेत लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी नंबर आहे 14448.