सोनेगावची मध्यरात्र : नागपूर विमानतळाची पार्श्वभूमी

नागपूरला विमानाने येणाऱ्या प्रवाशाला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ तसा आटोपशीर वाटतो. टर्मिनल एकच, धावपट्टीही एकच, आणि वर्धा मार्गावरील मेट्रोने शहर जवळ. मात्र जुने नागपूरकर ज्याला अजूनही नुसते ‘सोनेगाव’ म्हणतात, त्या या जागेला एके काळी देशाच्या टपालव्यवस्थेत जे स्थान होते, ते समजल्याशिवाय इथल्या पुढच्या योजनांचा अर्थ लागत नाही.

संचारमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत, जानेवारी 1949 मध्ये, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला उतरत, तेथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि प्रत्येक विमान आपापल्या शहरी सकाळपर्यंत परते. नागपूर निवडण्यामागे भूगोलाचा साधा हिशेब होता : चारही शहरे येथून हवाई मार्गाने साधारण सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात येतात, त्यामुळे तेव्हाच्या संथ डकोटा विमानांनाही एका रात्रीत जाऊन येणे जमत असे. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा शुल्काशिवाय विमानाने नेण्याचे धोरण आले आणि या मध्यरात्रीच्या भेटीचे महत्त्व आणखी वाढले. बाकी शहर झोपलेले असताना सोनेगाव मात्र दिवसासारखे जागे असे. पुढे एका दमात लांब पल्ला गाठणारी जेट विमाने आली, मधल्या थांब्याची गरज उरली नाही, आणि सत्तरच्या दशकात ही सेवा बंद पडली.

या मध्यवर्ती स्थानाचा मोह मात्र सुटला नाही. राज्य सरकारने विमानतळ विकासासाठी 2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली आणि मालवाहतुकीचे केंद्र व विशेष आर्थिक क्षेत्र यांची सांगड घालणारा ‘मिहान’ प्रकल्प हाती घेतला. विमानतळाला डॉ. आंबेडकरांचे नाव 2005 मध्ये देण्यात आले. 1956 च्या धम्मदीक्षेचे शहर म्हणून ते नाव येथे विशेष अर्थपूर्ण आहे. सध्याची टर्मिनल इमारत 2008 मध्ये सुरू झाली, तर मिहानमधील एअर इंडियाच्या विमान दुरुस्ती केंद्राचे उद्घाटन 2015 मध्ये झाले. दुसरी धावपट्टी कागदावर बरीच जुनी आहे. तिच्यासाठी लागणाऱ्या शिवणगाव परिसरातील जमिनीचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला.

खासगीकरणाची वाटही सरळ नव्हती. जीएमआर समूहाला 2019 मध्ये देऊ केलेले काम 2020 मध्ये रद्द झाले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये ते रद्द करणे अवैध ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हा निर्णय कायम ठेवला. न्यायालयीन वाद 2024 मध्ये संपेपर्यंत विस्ताराचे मोठे काम खोळंबून राहिले.

विमान बदलण्यासाठी नागपूरला उतरणारा प्रवासी आता विरळाच. येथे येणारा बहुधा नागपूरलाच आलेला असतो, नाहीतर ताडोबा किंवा पेंचकडे निघालेला. आणि मध्यरात्री सोनेगावला भेटणारी ती चार शहरे आता एकमेकांशी थेट जोडलेली आहेत.