मार्क्सने निसर्गाला शून्य किंमत दिली?

‘सगळी संपत्ती श्रमातूनच येते, असं मार्क्स म्हणाला’ हे अजूनही फिरतंय. खरं तर 1875 मध्ये गोथा कार्यक्रमावर (जर्मन कामगार पक्षाच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर) टीका करताना त्याने नेमकं हेच विधान खोडून काढलं: उपयोगमूल्यांचा, म्हणजे माणसाच्या गरजा भागवणाऱ्या वस्तूंचा, उगम श्रमाइतकाच निसर्गातही आहे. गल्लत होते ती ‘संपत्ती’ (उपयोगाच्या वस्तू) आणि ‘मूल्य’ (बाजारात श्रमावरून ठरणारं मोल) एकच मानल्यामुळे. निसर्ग फुकट धरतो तो भांडवली हिशेब. मार्क्स त्याचं वर्णन करतो, भलामण नव्हे.

मातीचंच घ्या. धान्य शहरात जातं, सोबत नत्र, स्फुरद, पालाशही जातात. मैला मात्र शेतात परत न येता नदीत सोडला जातो. जमिनीचा कस उतरतो. रसायनशास्त्रज्ञ लीबिगला वाचून मार्क्सने हे 1867 च्या ‘भांडवल’ या ग्रंथात मांडलं. हा कस भरून काढायला त्या काळात ब्रिटन पेरूच्या बेटांवरून समुद्रपक्ष्यांची विष्ठा जहाजं भरभरून आणून शेतात टाकत होता.