मेलबॉक्स साठवण : सामायिक आणि स्थानिक
ई-मेल सर्व्हरवर उतरलेली पत्रे त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवणे किंवा नेटवर्कवरून अनेक सर्व्हरांना जोडलेल्या एकाच साठ्यावर ठेवणे, या दोन पद्धती. मुंबईत जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची देवघेव १९८६-८७ च्या सुमारास सुरू झाली. विदेश संचार निगमची सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ची. अशा सेवेचे खातेदार वाढून एक सर्व्हर पुरेनासा झाला, की सामायिक साठ्याचा प्रश्न येतो.

वाद आहे तो मुख्यतः लॉकचा, म्हणजे फाइलीत एका वेळी एकाच प्रोग्रॅमला लिहू देणाऱ्या कुलपाचा. युनिक्समधील जुन्या एमबॉक्स पद्धतीत एका खातेदाराची सर्व पत्रे एकाच फाइलीत असतात. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी तीत लिहू लागले तर पत्रे एकमेकांत मिसळतात, म्हणून लॉक. स्थानिक डिस्कवर त्याचा निवाडा एकच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) करतो. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीत (१९८४) तशी सोय मूळ प्रोटोकॉलात (संगणकांच्या आपसांतील देवघेवीच्या नियमांत) नव्हती. लॉक वेगळ्या सेवेकडे असे. दुसऱ्या आवृत्तीत ‘फाइल नसेल तरच तयार कर’ ही क्रियाही अखंड होत नसे (मध्येच दुसरा सर्व्हर घुसू शके). त्यावर तोड अशी : वेगळ्याच नावाची फाइल करून तिला लॉकच्या नावाने हार्ड लिंक (त्याच फाइलीचे दुसरे नाव) जोडायची, मग लिंकांची संख्या दोन झाली का ते पाहायचे. तिसऱ्या आवृत्तीत (१९९५) ही उणीव भरून निघाली. चौथीत लॉक प्रोटोकॉलातच आले.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल-सर्व्हर प्रोग्रॅमसाठी आखलेल्या मेलडिर पद्धतीत (१९९० च्या दशकाचा मध्य) प्रत्येक पत्राची फाइल निराळी, त्यामुळे लॉकची गरज नाही आणि एनएफएसवर ती निर्धोक, असे तिचे पुरस्कर्ते मानतात. पत्र पोहोचवण्यापुरते ते खरे. परंतु वाचल्याची खूण फाइलीच्या नावातच असल्याने नाव बदलते. लिनक्स एनएफएसवरील फाइलींची माहिती साधारणतः ३ ते ६० सेकंद कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) धरते, तेवढा वेळ दुसऱ्या सर्व्हरला जुनेच नाव दिसू शकते. खातेदारांना पत्रे वाचायला देणाऱ्या डोव्हकॉट या सर्व्हर प्रोग्रॅमच्या इंडेक्स (पत्रांच्या सूचीच्या) फाइलींचा घोटाळा याहून मोठा. सामायिक साठ्यावरही एका खातेदाराला एका वेळी एकाच सर्व्हरकडे पाठवावे, हा डोव्हकॉटकर्त्यांचा सल्ला अधिक ग्राह्य वाटतो.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल-सर्व्हरने २०१० च्या आवृत्तीपासून निराळी वाट धरली : डेटाबेसच्या प्रती निरनिराळ्या सर्व्हरांच्या आपापल्या डिस्कवर. स्थानिक डिस्क जलद व स्वस्त, पण अशी प्रत नसेल तर सर्व्हर बंद पडला की त्यावरील खातीही बंद. सामायिक साठा त्याच खोलीत असेल, तर २६ जुलै २००५ सारख्या दिवशी (सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस) तळमजल्यावर पाणी शिरले की दोन्ही पद्धती सारख्याच.